गिरणीनंतरची ओवी

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. स्वयंपाकापासून शिकारीपर्यंत राजाला ठाऊक असावे असे बरेच काही त्यात आहे. त्याच्या संगीतविषयक भागात एक ओझरता उल्लेख येतो: महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीचे प्राचीनत्व सांगताना आपले अभ्यासक हा उल्लेख हटकून देतात आणि पुढे सरकतात. मी मात्र दर वेळी तिथेच थबकतो. राजाने ओवीची ओळख सांगितली ती कामावरून. उखळ, मुसळ आणि ते उचलणारा हात यांच्यापासून ओवी वेगळी काढता येईल, असे त्याला सुचलेले दिसत नाही. ते काम आपण केले, आणि तेही गेल्या साठ-सत्तर वर्षांत.

कला आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की चर्चा हमखास मुंबई-पुण्याच्या ध्वनिमुद्रण कक्षांत जाते. या लेखापुरता मी परभणी जिल्हा सोडणार नाही, फार तर शेजारची हद्द ओलांडेन. कारण असे की यंत्र येऊन गाणे कसे बदलते, बाजार येऊन ते पुन्हा कसे बदलते आणि दोन्हींच्या मागून संशोधक येऊन काय वाचवतो, हे तीनही टप्पे या जिल्ह्यात एकाच गाण्याच्या बाबतीत पाहायला मिळतात. ते गाणे म्हणजे जात्यावरची ओवी.

जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासाची सुरुवातच जात्यापाशी होते. संत जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणी त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या आणि दळण-कांडण करीत राहिल्या. विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसला, ही कथा महाराष्ट्रातल्या घराघरात पोचलेली आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून जाते दाखवतात आणि वारकरी त्याला हात लावून येतात. १९४९ साली प्रभातचा ‘संत जनाबाई’ चित्रपट आला, हंसा वाडकर जनाबाई झाल्या आणि ते जाते पडद्यावरही फिरले. आता जनीच्या मुद्रेचे सगळे अभंग तिचेच आहेत का, हा प्रश्न अभ्यासकांनी फार पूर्वीच उभा केला आहे. तिच्या नावावर इतरांची रचना चढली असणार हे उघड आहे. ‘अस्सल’ या शब्दाचे पहिले कोडे इथेच पडते. खेड्यातल्या बाईला ते कधी पडले नाही. तिच्यासाठी जनी म्हणजे आपल्यासारखीच दळणारी एक बाई, जिच्या जात्याला देव हात लावतो. तिच्या नावाने आणखी चार ओव्या गायल्या तर जनीचे काय बिघडते?

ज्यांनी जाते फक्त लग्नात पाहिले त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगणे भाग आहे. दगडाच्या दोन तळ्या असतात. खालची रोवलेली, वरची फिरती. मधल्या तोंडातून दाणे वैरायचे आणि खुंट्याला धरून ओढायचे. तळ्या गुळगुळीत झाल्या की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. मराठवाड्याचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी आणि ज्वारीच्या पिठाचा एक हट्ट असतो. ते शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. म्हणून आठवड्याचे दळण एकदम करून ठेवायची सोय नव्हती. रोज पहाटे, अंधारात, घरातली माणसे उठायच्या आधी दळण संपवावे लागे. एकटीने ओढले तर जीव जाई. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला धरत. सासू-सून, जावा-जावा, नाहीतर शेजारीण. दिवसभर जिच्याशी बोलणे नाही तिच्या हातावर हात ठेवून ही दोन-तीन तासांची बैठक होई.

या बैठकीतून गाण्याची घडण ठरली. तळीला गती आली की ती कायम ठेवावी लागते, म्हणून गाण्याची लय दगड ठरवतो. दाणे वैरायला एक हात सुटला की ओढ किंचित मंदावते आणि तिथेच गाणारी श्वास घेते. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. उचलता उचलता तिने शब्द फिरवला तर फिरवला. शेवटच्या तुकड्याची पुनरावृत्ती होते, मध्ये ‘बाई’, ‘माय’, ‘सखे’ अशी भर पडते आणि तेवढ्या वेळात पुढची ओवी जुळते. चालीला या बायका ‘गळा’ म्हणतात. तिचा गळा निराळा, माझा निराळा. ‘गळा’ या शब्दात चाल आणि गाणारी यांची फारकत झालेलीच नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि गाण्याची लांबी? सूप रिकामे होईपर्यंत. पायलीभर ज्वारी असेल तर पायलीभर ओव्या.

विषय मोजकेच: माहेर, भाऊ, लेकरे, विठ्ठल, सीतेचा वनवास, सासरचा जाच. पण त्या मोजक्यात बाईने जे बोलून घेतले ते दिवसाउजेडी बोलण्याची तिला मुभा नव्हती. सासू समोर बसलेली असताना सासूविषयी गाता येई, कारण नाव सीतेचे आणि कैकेयीचे असे. ऐकणारे कोणी नाही, हे या गाण्याचे गृहीत होते. म्हणजे माजघरात पुरुष अर्धवट झोपेत ऐकत असतील, पण गाणे त्यांच्यासाठी नव्हते. टाळी, शाबासकी, बिदागी, चुकले म्हणून टोकणे, यांपैकी काहीच तिथे नव्हते. ओवीच्या अस्सलपणाचा विचार करताना मी चाल आणि शब्द यांच्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व या श्रोत्याच्या अभावाला देतो.

मग गिरणी आली. परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मोठ्या गावांत आणि बाजारपेठांत तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या. इंजिनाचा ठोका शिवारात ऐकू येई आणि त्यावरून गिरणी सुरू झाल्याचे कळे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन दशकांत खेडोपाडी वीज पोचत गेली तशी गिरणीही पोचली. जात्याची सक्ती संपली. या बदलाबद्दल एकाही बाईने हळहळ व्यक्त केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. गळ्याविषयी हळवे होणारे आपण सगळे गिरणीचे पीठ खाऊन वाढलो आहोत. खांदे भरून येणे, तळहाताला घट्टे पडणे आणि बाळंतिणीलाही न चुकणारे दळण ज्यांनी भोगले, त्यांनी डबा डोक्यावर घेऊन गिरणीची वाट धरली ती आनंदाने. लोकसंस्कृतीवरच्या पुष्कळ लेखनात ‘यंत्राने गाणे हिरावले’ असे एक वाक्य असते. त्यापुढे ‘आणि पाठ वाचवली’ हेही लिहायला हवे.

तरीही एक गोष्ट घडली ती घडलीच. गाणे कामाला बांधलेले होते. काम गेल्यावर त्याला बसायला जागा राहिली नाही. गिरणीवर बायका जमत, बोलत, पण पट्ट्याच्या खडखडाटात गाणे शक्य नव्हते आणि कारणही नव्हते. पूर्णा तालुक्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी एका सत्तरी ओलांडलेल्या मावशींना मी ओव्या म्हणायची विनंती केली. त्यांनी दोन म्हटल्या आणि तिसरीला अडखळल्या. मग नातीला कोपऱ्यातले जाते ओढून आणायला लावले, रिकामेच फिरवायला घेतले आणि अर्ध्या तासात चाळीसेक ओव्या झाल्या. ‘हात हालल्याबिगर ध्यानात येत न्हाई लेकरा,’ एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. स्मरणशक्तीवरचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत, पण ‘मानसोल्लास’कार सोमेश्वराला हे वाक्य पटले असते.

गिरणी यायच्या सुमारासच ओवी कागदावर उतरू लागली होती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. ना. गो. नांदापूरकरांनी बायकांच्या ओव्यांतली रामकथा ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ म्हणून जुळवली. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. या लोकांचे ऋण मोठे आहे. पण छापताना ओवीचे जे व्हायचे ते झाले. संपादकाने विषयवार वर्गवारी केली, बोली थोडी सावरली, दहा पाठांतून एक निवडला, पुनरावृत्ती गाळली. गळा अर्थातच सुटला. आणि बहुतेक वेळा गाणारीचे नावही सुटले. ‘स्त्रियांच्या ओव्या’, एवढेच. जणू सगळ्या मराठी बायका मिळून एकच बाई होत्या.

ही चूक जाणीवपूर्वक दुरुस्त करणारे काम १९८०च्या दशकात पुण्यातून सुरू झाले. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर हे दोघे मावळातल्या डोंगरी खेड्यांत गरिबांच्या संघटनेचे काम करीत होते. ओवीकडे ते वळले ते बाई स्वतःविषयी काय म्हणते हे समजून घेण्यासाठी. स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीने त्यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव, गाव, जात, तारीख. संगणकाचे आणि संगीताचे जाणकार बर्नार बेल पुढे त्यांना येऊन मिळाले आणि १९९०च्या दशकात निवडक गायिकांचे डिजिटल ध्वनिमुद्रण झाले. प्वातवॅं २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर मजकूर, आवाज आणि अनुवादासह टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आहे.

त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. १९९६ साली त्यांचा आवाज मुद्रित झाला. त्यांच्या ओव्यांतली वनवासी सीता ऐकताना पहिल्या प्रथम ध्यानात येते ती घाई नसणे. ओळ संपते, आवाज खाली बसतो आणि तिथे जरा वेळ काहीच होत नाही. कोणताही संगीत संयोजक ती जागा बासरीने भरून काढील. ती रिकामी ठेवलेली आहे म्हणून ते मुद्रण मोलाचे. ज्या तंत्रज्ञानाला आपण कलेचा शत्रू ठरवायला बसतो, त्याच्यामुळेच हा गळा ताडकळसच्या वेशीबाहेर आला, हेही खरे.

तेव्हा शत्रू यंत्र नव्हे. यंत्र हाताळणाऱ्याला गाण्याकडून काय हवे आहे, तिथे सगळे ठरते. इतिहासात एक दाखला आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला. त्याच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गोहरजानसारख्या गायिकेने ख्याल-ठुमरी त्या तीन मिनिटांत कसून बसवली आणि शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारले. चारच वर्षांनी, १९०६ साली, हंगेरीत बेला बार्टोक मेणाच्या नळकांड्यांचे यंत्र घेऊन खेडी हिंडू लागला. तंत्र त्याच काळातले, मर्यादा तशाच. गैसबर्गला विकता येईल असे गाणे हवे होते, बार्टोकला शेतकऱ्याचे गाणे जसे आहे तसे हवे होते. पहिल्याने गाणे यंत्राच्या मापाचे करून घेतले, दुसऱ्याने यंत्र गाण्यापाशी नेले. गैसबर्गला मी खलनायक म्हणणार नाही. त्याच्या तबकड्यांमुळेच तो काळ आज ऐकू येतो. पण पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडे बार्टोकापेक्षा गैसबर्गाचे वारस पुष्कळ झाले.

ओवीवर त्यांची पाळी आली ती कॅसेटच्या काळात. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सीरीजसारख्या कंपन्या वाढल्या आणि तालुक्याच्या एसटी स्टँडवरही गाण्यांची दुकाने लागली. या लाटेने भीमगीतांना, भारुडांना, पोवाड्यांना मोठा श्रोता मिळवून दिला. ते खुल्या मैदानाचे प्रकार होते, त्यांना ध्वनिक्षेपक मानवला. ओवीचे तसे झाले नाही. ‘जात्यावरची गाणी’ म्हणून जे बाजारात आले, आणि आज मोबाइलवर येते, त्याचा साचा पाहा. सुरुवातीला कोंबडा आरवतो, मग दगडाची घरघर, मग कीबोर्ड, मग ढोलकीचा पक्का ठेका आणि त्यावर तयार गळ्याची गायिका. घरघर चार मात्रांनंतर विरते, कारण ती ठेक्यात बसत नाही. श्वासाच्या जागा यंत्राने जुळवलेल्या, सूर यंत्राने सरळ केलेला. भाऊ आणि माहेर शिल्लक राहतात, सासरचा जाच बहुधा गळतो, कारण हे गाणे हळदीच्या कार्यक्रमात वाजायचे असते.

आणि वेष्टनावर लिहिलेले असते: ‘गीत: पारंपरिक.’ या एका शब्दात मोठा व्यवहार दडलेला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे असतो आणि प्रसिद्धीपासून ६० वर्षे टिकतो. पारंपरिक गाण्याला मात्र कर्ता नाही, म्हणून हक्कदारही नाही. ज्या आजीकडून संगीतकाराने ओवी ऐकली तिचा त्यात काही वाटा नाही, आणि त्याने केलेल्या कीबोर्डच्या आवृत्तीला मात्र संरक्षण आहे. १९९४च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही कलावंत म्हणून काही हक्क दिले. पण व्यवहारात तो हक्क मागायला कुठेतरी नाव नोंदलेले लागते. राईरकर-प्वातवॅं यांनी प्रत्येक ओवीपुढे नाव लिहिण्याचा आग्रह का धरला, ते इथे नीट कळते. ती केवळ संशोधकाची काटेकोर सवय नव्हती.

यावर एक रास्त आक्षेप येईल. परभणीतच येईल, कारण परभणी हे गोंधळाचेही गाव आहे. ‘गोंधळमहर्षी’ म्हणून ओळखले गेलेले राजारामबापू कदम इथले. संबळ आणि तुणतुणे घेऊन अंगणात उभा राहणारा गोंधळ त्यांच्यामुळे मोठ्या रंगमंचांवर मानाने गेला. मग गोंधळाने मंच घेतलेला चालतो आणि ओवीने नाही, हा कुठला न्याय? उत्तर सोपे आहे. गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या यजमानाच्या दारी जातो, दक्षिणा घेतो, समोर माणसे बसलेली असतात. पैसा आणि श्रोता हे त्याच्या कलेचे मूळचे घटक आहेत. अंगण मोठे झाले एवढेच. ओवीला ना यजमान होता ना श्रोता. म्हणून तोच मंच एकाला फळतो आणि दुसरीला पोकळ करतो. व्यापारीकरणाविषयी सरसकट बोलणाऱ्यांनी हा फरक करायला हवा.

ओवी शुद्ध होती आणि आता भ्रष्ट झाली, असे तर मी मुळीच म्हणणार नाही. जमवलेल्या लाखभर ओव्यांत मोटार आहे, आगगाडी आहे, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या शेकडो ओव्या आहेत. बाईने जे पाहिले ते जात्यात वैरले. नवे शब्द, नव्या वस्तू, दुसऱ्या गावचा गळा, कशालाही तिने मज्जाव केला नाही. बाजारातल्या ओवीत उलट नवे काहीच येत नाही. ती पन्नास वर्षांपूर्वीच्या खेड्यात अडकून पडली आहे, कारण विकले जाते ते खेडे.

लग्नातल्या जात्याकडे पाहिले की हे डोळ्यांनी दिसते. हळद दळायच्या विधीत जाते अजून मांडतात. त्याला हळदीकुंकू लावतात, खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात. आमच्या लहानपणी त्या वेळी म्हाताऱ्या आपसूक ओव्या सुरू करीत आणि नवरीच्या आईला रडू येई. गेल्या मे महिन्यात परभणीतल्या एका मंगल कार्यालयात पाहिले ते असे: रंगवलेले, हलके, खेळण्याएवढे जाते सजावटवाल्याने भाड्याने आणलेले, त्यात हळकुंडाऐवजी झेंडूच्या पाकळ्या. ध्वनिवर्धकावर ‘पारंपरिक’ ओवी आणि छायाचित्रकार सवाष्णींना सांगतोय, हात फिरवू नका, नुसता ठेवा. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नवरीची आजी बसली होती. ध्वनिवर्धकावरची ओवी संपली तरी तिचे ओठ काही वेळ हालत होते. काय म्हणत होती ते गोंगाटात ऐकू आले नाही.

सध्या शहरांतल्या दुकानांत ‘जात्यावर दळलेले’ पीठ मिळू लागले आहे. दगडी तळ्या विजेवर फिरवतात आणि भाव गिरणीच्या पिठाच्या दीड-दोनपट सांगतात. ज्या श्रमाची किंमत कधी कोणी मोजली नाही त्याचे नाव असे बाजारात चढ्या दराने खपते. जिल्ह्यात जुन्या गळ्याच्या बायका अजून आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांकडे खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, १९९६ साली ताडकळसला नेलेल्या यंत्रापेक्षा कितीतरी हलके. दर दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावच्या एकीचे मुद्रण करावे, नाव-गाव-तारीख लिहावी आणि जमले तर कोपऱ्यातले जाते आधी ओढून आणावे. ते रिकामे असले तरी चालते.